बदकावर पैसे कशाला घालवायचे?

हा प्रश्न गेल्या मे महिन्यात चार दिवसांत मी निदान सहा जणांच्या तोंडून ऐकला. विचारणारे कोणी दुष्ट नव्हते. शेजारी होते, नातलग होते, आणि खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी माझ्याही मनात तोच प्रश्न होता. आज मात्र त्याचे उत्तर द्यावेसे वाटते. ते आपल्या वार्षिकात द्यायचे कारण असे की, त्याचा थोडाफार संबंध आपल्या प्राणिशास्त्राच्या वर्गाशीही आहे.

माझी आत्या लग्न होऊन माळव्यात गेली. धार जिल्ह्यातले सरदारपूर हे तिचे गाव. धार आणि देवास इथे पवारांच्या गाद्या होत्या, त्यामुळे त्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. त्यांच्या मराठीत हिंदी आणि माळवी बरीच मिसळलेली असते, पण पुरणपोळी अस्सल असते. माही नदी याच भागात उगम पावते. म्हणून आत्याने आपल्या बदकाचे नाव ठेवले माही. खाकी कॅम्पबेल जातीची ही मादी. आत्याच्या पायांत घोटाळणारी, हाक मारली की मान पुढे काढून पळत येणारी.

मी पोचलो त्या दिवशी माही पळत आली नाही. पत्र्याच्या खुराड्यात कोपऱ्यात उभी होती. अंग फुगवलेले, पाय फाकलेले, शेपटी सारखी खालीवर होत होती. सकाळपासून दाणा नाही, पाणी नाही. आत्या म्हणाली, “ऊन लागलं असेल रे.” मग चाचरत म्हणाली, “परवा अंडं घातलं त्याला कवचच नव्हतं. नुसता पापुद्रा. हातात घेतलं तर लिबलिबीत.”

आता माझी फजिती सांगतो. पक्ष्याच्या अंडनलिकेची आकृती मी जर्नलमध्ये काढलेली आहे. डावा अंडाशय तेवढाच कामाचा असतो, पांढरा बलक कुठे चढतो, कवच कुठे तयार होते, सगळे बाण काढून दाखवलेले. गुणही चांगले मिळाले होते. आणि ती सगळी आकृती माझ्यासमोर दोन पायांवर उभी राहून कण्हत असताना मला एवढेही सुचले नाही की तिच्या पोटात अंडे अडकले आहे! अंडे खाली असल्याचे शेजारच्या म्हातारबांनी हाताला लागताच ओळखले. दोन्ही बाजूंनी दाबून ते बाहेर काढतो, असे ते म्हणाले. आम्ही त्यांना तसे करू दिले नाही, ते केवळ आत्या घाबरली म्हणून. माझ्या ज्ञानाचा त्यात काडीचा वाटा नव्हता.

जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे गाई-म्हशींची रांग होती. टेबलामागच्या गृहस्थांनी टोपलीत डोकावून विचारले, “किती अंडी देते?” आणि मग आमचा तो प्रश्न. नवे घ्या, औषधापेक्षा स्वस्त पडेल. दुसऱ्याने कापून खायचा सल्लाही दिला. शेवटी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक निवृत्त डॉक्टर भेटले. त्यांनी प्रथम म्हातारबांच्या उपायाविषयीच विचारले, आणि दाबले नाही हे कळल्यावर म्हणाले, “वाचली. आत फुटलं असतं तर कवचाच्या कपच्यांनी अंडनलिका फाटली असती, नाहीतर पू झाला असता.”

त्यांनी केले ते फार साधे होते. कॅल्शियमचे इंजेक्शन दिले. पसरट घमेल्यात कोमट पाणी घालून माहीला अर्धा तास बसवले. मग अंधाऱ्या, शांत खोलीत गोणपाटावर ठेवून सगळ्यांना बाहेर काढले. “आता बाळंतिणीजवळ गर्दी नको,” म्हणाले. रात्री उशिरा अंडे आले. खरखरीत आणि वेडेवाकडे.

पण माझ्या मनात राहिले ते त्यानंतरचे संभाषण. अंड्याचे कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. एका कवचाला दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम लागते आणि ते बहुतांशी एका रात्रीत जमवावे लागते. अन्नातून मिळाले नाही तर पक्षी ते स्वतःच्या हाडांतून काढतो. तेही आटले की कवच पातळ होते. शिवाय स्नायू आवळायलाही कॅल्शियमच लागते, त्यामुळे अंडनलिकेला अंडे पुढे ढकलण्याचे बळ राहत नाही आणि ते अडकते. डॉक्टरांनी विचारले, “खायला काय देता?” आत्या अभिमानाने म्हणाली, “पाव. दुधात भिजवून. आणि भात.” “आणि रात्री?” “मांजरं, मुंगूस येतात ना, म्हणून खुराड्यात दिवा लावून ठेवते. रात्रभर.”

डॉक्टर हसले नाहीत. रात्रभर दिवा लावला म्हणजे पक्ष्याच्या शरीराला दिवस मोठा झाल्याचे वाटते, आणि मोठा दिवस म्हणजे अंडी घालण्याचा हंगाम. आत्याने तिला वर्षभर हंगामच संपू दिला नव्हता, आणि खायला दिला होता पाव! उन्हात सोडत नव्हती, घार नेईल म्हणून. त्यामुळे ‘ड’ जीवनसत्त्वही नाही. हे सारे प्रेमापोटी. घरी आल्यावर आत्या बराच वेळ बोलली नाही. मग पानाच्या डब्यातला चुना दाखवून म्हणाली, “हा देऊ का थोडा?” तोही चालत नाही, तोंड पोळते. उकळून वाळवून कुटलेली अंड्यांची टरफले किंवा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा. लागेल तेवढा ती स्वतःच खाते.

आता त्या प्रश्नाकडे येतो. माहीचा रानटी पूर्वज मलार्ड वर्षातून एकदा दहा-बारा अंडी घालतो आणि उबवायला बसतो. खाकी कॅम्पबेल ही जात अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या इंग्रज बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी संकरातून तयार केली. चांगली मादी वर्षाला तीनशेपर्यंत अंडी घालते. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारने बदकांचे पैदास केंद्र काढले, तिथेही भर होता तो याच जातीवर. त्यात वाईट काही नाही, गरिबाच्या घरी अंडे पोचले पाहिजे. सरदारपूरच्या भिल्ल वस्तीत फिरणारी कडकनाथ कोंबडी मात्र याच्या निम्मीही अंडी घालत नाही आणि उकिरडे उकरून आपले आपण भागवते. माहीला ते जमणार नाही. तिच्या शरीराकडून तीनशे अंडी घेण्याचा करार माणसाने केला, तिला न विचारता. मग त्या तीनशे कवचांचा चुना कोणी पुरवायचा? किंमत पक्ष्याची मोजायची की आपण त्याच्याकडून घेतले त्याची?

गंमत अशी की, याच सरदारपुरात 1983 पासून खरमोर पक्ष्याचे अभयारण्य आहे. पावसाळ्यात खरमोर गवतात अंडी घालायला येतो आणि त्याच्या चार अंड्यांसाठी सरकारला जमीन राखावीशी वाटते. ते योग्यच आहे, तो पक्षी दुर्मिळ आहे. पण विपुल असणे हा काही गुन्हा नव्हे.

माझ्या कानडी मित्राने हे सारे ऐकून सांगितले की, त्यांच्या भाषेत बदकाला ‘बातुकोळी’ म्हणतात आणि ‘कोळी’ म्हणजे कोंबडी. आम्ही तर तिला कोंबडीइतकेही ओळखले नव्हते. आपल्या प्रयोगशाळेत ती आकृती लटकलेली आहे. तिच्याखाली कुणीतरी जिवंत पक्ष्याची चार लक्षणे आणि ‘दाबू नये’ एवढे दोन शब्द लिहावेत, अशी माझी आमच्या सरांना विनंती आहे. परीक्षेत नाही विचारले तरी चालेल.

आत्याने खुराड्याला बारीक जाळी ठोकून घेतली आणि दिवा काढून टाकला. घातलेली अंडी लगेच न उचलता काही दिवस तशीच ठेवायची, म्हणजे पुढची घालण्याची घाई होत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितले होते. पावसाळ्यानंतर माहीने पिसे टाकली, नवी आली. परवा आत्याचा फोन आला, तेव्हा मी सवयीने विचारले, “किती अंडी देते?”

“तीन महिने झाले, एकही नाही,” आत्या म्हणाली. “आता अंगणात आहे. पाणी उडवतेय सगळीकडे.”