धर्मग्राम कुणाचा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. कृष्णाकाठच्या एका गावी आपल्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ वारले. मी त्या दिवशी दूरच्या एका केंद्रावर मिस्सेसाठी गेलो होतो. निरोप मिळताच निघालो, तरी पोहोचायला तीन तास लागले. जाऊन पाहतो तो सारी तयारी झालेली. शेजारच्या मराठा कुटुंबाने अंगणात ताडपत्री बांधली होती. पलीकडच्या मुसलमान गृहस्थाने सुतार गाठून शवपेटी करवून घेतली होती. समोरच्या घरातून चहाची किटली येत होती. आपल्या धर्मग्रामातून मात्र तीन माणसे आली होती. दफनविधी आटोपल्यावर त्या घरची काकी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "फादर, तुम्ही आलासा, लई बरं झालं. पण आपली मानसं कुठं हायती?"

मी म्हणालो, "काकी, निरोप पोहोचला नसेल." ते खरे नव्हते, आणि हे मी दफनभूमीत उभा राहून बोललो. निरोप बहुतेकांना पोहोचला होता. पुढच्या रविवारी मी दोघातिघांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "फादर जाणारच होते ना!"

या चार शब्दांत आपल्या धर्मग्रामांचा रोग सामावलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घर आजारी आहे? फादर बघतील. मुलांना धर्मशिक्षण नाही? सिस्टर बघतील. मंदिराचे छप्पर गळते? बिशपस्वामी बघतील. मग आपण काय बघणार? आपण रविवारी मागच्या बाकावर बसून घड्याळ बघणार!

ही सवय आपल्याला का जडली, याचा विचार न करता नुसती टीका करणे अन्यायाचे होईल. मिशनच्या काळात दुष्काळ, जातीचा जाच आणि निरक्षरता यांनी गांजलेल्या माणसाला फादर हाच मायबाप होता. शाळेची फी, औषधाची बाटली, कचेरीतला अर्ज, सारे त्याच्याच हातून होई. त्या काळी ते आवश्यक होते आणि त्या धर्मगुरूंचे ऋण आपण विसरू नये. परंतु आज आपल्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेत व कारखान्यात काम करणारे आहेत. पांगुळगाड्याने मूल चालायला शिकते. पण मोठे झाल्यावरही पांगुळगाडा न सोडणाऱ्याला आपण काय म्हणू?

आपली ख्रिस्तसभाही काही वेगळे सांगत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) ख्रिस्तसभा म्हणजे देवाची प्रजा, ही शिकवण पुन्हा ठळकपणे मांडली. १९८३च्या कायदेसंहितेत धर्मग्रामाची व्याख्या करताना आधी श्रद्धावंतांचा समाज येतो आणि मग त्या समाजाची देखभाल ज्याच्याकडे सोपवली तो धर्मगुरू येतो. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे, असे तीच संहिता बजावते. म्हणजे धर्मग्राम माझा नव्हे, तो तुमचा आहे. मी आज आहे, उद्या माझी बदली होईल. तुमच्या आईवडिलांची थडगी मात्र इथेच राहणार आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: "फादर, आपण मूठभर. आपल्याने काय होणार?" आपण मूठभर आहोत हे खरे. २०११च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकसुद्धा भरले नाहीत. सातारा-सांगलीकडे तर आपले प्रमाण त्याहूनही कमी. पण मुठीची किंमत सातारकरांना दुसऱ्या कुणी सांगावी, हे नवलच! कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. ते चालवायला त्यांच्यामागे कोणी धनाढ्य उभा नव्हता. घरोघरच्या बायांनी बाजूला काढून ठेवलेले मूठमूठ धान्य गोळा करून मुले जेवू घातली गेली. ते पुरेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिले. रयतेने उभी केली म्हणून ती 'रयत'. ती उभारणारी माणसे आपल्याच गावांतली होती. आपल्या आजोबांनी त्यांच्याच विहिरीचे पाणी मागितले, आणि आपल्या वडिलांनी त्यांच्याच शाळेत पाटी धरली. मग त्यांची जिद्द तेवढी आपल्याला का लागू नये?

आणि ख्रिस्ती उदाहरणच हवे असेल, तर तेही साताऱ्यातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. परंतु १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून या कवीने साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताभोवती एकत्र यावेत, या मातीतला ख्रिस्ती समाज स्वतःच्या पायांवर उभा राहावा, हा त्यांचा ध्यास होता. १९१९ साली ते वारले आणि दरबार बाळसे धरण्यापूर्वीच पोरका झाला. तो टिकला नाही म्हणून टिळकांचा प्रश्न खोटा ठरत नाही. परक्याच्या पैशावर आणि एका माणसाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मंडळीला समाज म्हणावे काय? शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी हा प्रश्न आपल्या दारात उभाच आहे.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा असतो: "श्रद्धा ही खासगी बाब आहे. मी घरी प्रार्थना करतो. मिस्सा मोबाइलवर पाहतो." मार्च २०२० मध्ये मंदिरे बंद झाली, तेव्हा पडद्यावरच्या मिस्सेने आपल्याला धीर दिला, हे मी मान्य करतो. १६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. दारे उघडली, पण काही पाय परत आलेच नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी मोबाइलवरची मिस्सा ही कृपाच आहे. पण धडधाकट माणसाने तिच्यावर समाधान मानणे म्हणजे भावाच्या लग्नाची चित्रफीत पाहून ढेकर देण्यासारखे आहे. पडदा ख्रिस्तप्रसाद देत नाही. पडदा शवपेटीला खांदाही देत नाही. संत पौलाने करिंथकरांना देहाचा दाखला दिला, त्यात डोळा हाताला 'मला तुझी गरज नाही' असे म्हणू शकत नाही. आपण मात्र ते रोज म्हणतो आहोत.

तिसरा आक्षेप खरा दुखरा आहे: "तरुण पोरे पुण्या-मुंबईला गेली. मागे म्हातारेकोतारे उरले." होय, गेली. पण जी राहिली आहेत त्यांना आपण कोणते काम दिले? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगलीत थैमान घातले, तेव्हा आपलीच पोरे छातीभर पाण्यात उतरून शेजाऱ्यांची भांडीकुंडी आणि म्हातारी माणसे बाहेर काढत होती. त्यांनी माझी परवानगी मागितली नाही. 'फादर बघतील' असे त्या दिवशी कुणी म्हटले नाही. पूर ओसरला, आणि त्याच पोरांना आपण नाताळच्या गोठ्याला बांबू बांधण्यापलीकडे काही सांगितले नाही. मग ती मागच्या बाकावर का बसणार नाहीत?

इथे मला माझे माप माझ्याच पदरात घालावे लागते. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, तिथल्या परिषदेतील एका शिक्षकाने मला नम्रपणे सुचवले, "फादर, देणगीचा हिशेब दर तीन महिन्यांनी मिस्सेनंतर वाचून दाखवू या." मला राग आला. माझ्यावर अविश्वास दाखवला जात आहे, असे वाटले. मी तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, आणि ती पुढची बैठक मी कधी बोलावलीच नाही. तो शिक्षक हळूहळू येईनासा झाला. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. पण किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायला मला कुणी शिकवले नाही, आणि मीही शिकलो नाही. लोकांनी धर्मग्राम आपला मानावा असे वाटणाऱ्या धर्मगुरूने आधी कपाटाची किल्ली आणि हिशेबाची वही टेबलावर ठेवली पाहिजे. हे मी माझ्या धर्मगुरू बांधवांनाही सांगतो, मग त्यांना ते रुचो वा न रुचो.

प्रेषितांपुढेही हाच पेच पडला होता. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषक विधवांची उपेक्षा होऊ लागली आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांची तोंडे बंद केली नाहीत. 'आम्ही बघतो' असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी मंडळीलाच आपल्यातून सात माणसे निवडायला सांगितले. पहिल्या ख्रिस्तसभेत जबाबदारीची वाटणी झाली ती एका विधवेच्या ताटावरून, हे आपण विसरू नये. आपल्याकडे तर ती विधवा स्वतःच येऊन विचारते आहे, "आपली मानसं कुठं हायती?"

आपल्या जिल्ह्यातून दर आषाढीला ज्ञानोबांची पालखी जाते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा तिचा मुक्काम असतो. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ती पुष्कळदा पाहिली आहे. प्रत्येक दिंडीची भिशी वेगळी, तंबू वेगळा, स्वयंपाक वेगळा, आणि हे सारे वारकरीच सांभाळतात. संध्याकाळच्या समाजआरतीच्या वेळी एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातो आणि साऱ्या समाजासमक्ष तक्रार ऐकली जाते. आपल्याकडे तक्रारी कुठे होतात? मंदिराच्या फाटकाबाहेर, दबक्या आवाजात, नाहीतर बिशपस्वामींना धाडलेल्या निनावी पत्रात! आपल्याही बैठकीत टाळ उघड वाजला पाहिजे आणि चोपदाराने तिकडे गेले पाहिजे.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. दर आठ-दहा कुटुंबांनी आपापल्या वस्तीत किंवा गावात एक समूह करावा. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर बसावे, शुभवर्तमान वाचावे, आणि उठण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या महिन्यात आपल्यापैकी कोण अडचणीत आहे? घरटी मूठभर धान्य किंवा त्याचे पैसे बाजूला काढावेत आणि ते आजाऱ्यासाठी वा मुलांच्या वह्यांसाठी समूहानेच खर्चावेत. ज्या रविवारी मी पोहोचू शकत नाही, त्या रविवारी दाराला कुलूप न लावता तुमच्यातल्याच कुणी वाचन-प्रार्थना चालवावी. आणि मरण घडले तर फादरांच्या आधी समूहाने त्या घरी पोहोचावे. माझ्याकडून मी वचन देतो की दर तीन महिन्यांनी हिशेब वाचला जाईल, आणि तो मी नाही, तुमची समिती वाचेल.

याहून मोठ्या योजना माझ्यापाशी नाहीत. यात्रेला गाड्या भरून जाणे सोपे असते, शेजारच्या गल्लीत जाणे कठीण असते. तिथेच आपल्या श्रद्धेची परीक्षा आहे.

येत्या पावसाळ्यात त्या गृहस्थांना जाऊन वर्ष होईल. त्यांच्या स्मरणार्थ त्या घरी मिस्सा होणार आहे. ती मराठा मंडळी येतील, ते मुसलमान गृहस्थही येतील, याविषयी मला शंका नाही. मिस्सा आटोपल्यावर काकी पुन्हा माझ्याजवळ येईल. या वेळी तिला खोटे उत्तर देण्याची पाळी माझ्यावर आणायची की नाही, हे तुम्ही ठरवायचे आहे.