घरची निगा : कौलांवरील शेवाळ

खांदेश्वराच्या तळ्याभोंवतीं आतां उंच इमारती उभ्या आहेत. परंतु पनवेलच्या जुन्या वस्तींत व आसपासच्या गांवठाणांत कौलारू घरें अद्यापि आढळतात. पावसाळ्यांत त्यांवर शेवाळ माजतें. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास ज्यांचा कारखाना काढिला, तीं मंगलोरी कौलें एकमेकांच्या खांचेंत बसतात. त्या खांचेंत शेवाळ भरलें कीं पाणी अडतें, आंत उतरतें आणि रिपा कुजतात.

म्हणून शेवाळ काढलेंच पाहिजे, पण केव्हां? एका श्रावणांत आमच्या घरचा एक मुलगा उघडीप पाहून छपरावर चढला. पाय घसरला, वळचणीचा वासा हातीं लागला म्हणून वांचला.

आमच्या वडील मंडळींची रीत शहाणपणाची होती. चैत्र-वैशाखांत कौलें चाळावयाचीं, तेव्हांच शेवाळही काढावयाचें. सुकलेलें शेवाळ सहज सुटतें. जाणत्या कारागिराकडून कौलें उतरवून घ्यावीं आणि अंगणांतच काथ्याच्या कुंच्यानें घासावीं. मोरचूद वापरूं नये. त्याचें पाणी तळ्यांत गेल्यास मासे मरतात. छपरास जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर ते मुळींच खरवडूं नयेत. त्यांतील अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांस घातक असतात. शिवाय पत्रा पायाखालीं फुटतो.

भर पावसांत छप्पर गळूं लागलें, तर खालीं पातेलें ठेवावें. पण वर कोणास चढूं देऊं नये. वैशाख येईतों थांबावें.