दुधाच्या थेंबाचा हिशेब

अम्मी दही घुसळायची तेव्हा लोणी वर का येतं, हे मला बी.एस्सी.ला गेल्यावर कळलं. दुधातली चरबी सुटी नसते. तिच्या बारीक गोळ्यांवर पातळ पडदा असतो. रवीने तो फाटतो, गोळे एकमेकांना चिकटतात आणि पडद्याचे बरेचसे तुकडे ताकात राहतात.

हा पडदा येतो कुठून? दूध तयार करणाऱ्या पेशीच्या आत चरबीचा थेंब बनतो, पेशीच्या टोकाकडे सरकतो आणि बाहेर पडताना पेशीचं स्वतःचं आवरणच अंगावर गुंडाळून नेतो. १९५९ मध्ये बार्गमान आणि क्नोप या जर्मन संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हे दाखवलं. थेंबागणिक पेशीची कातडी थोडी थोडी जाते. तरी पेशी संपत नाही, कारण प्रथिनं आणि दुधाची साखर आणणाऱ्या पिशव्या त्याच आवरणात मिसळतात आणि आत नवं फॉस्फोलिपिड बनत राहतं. म्हशीत हेच, शेळीत हेच, बाईतही हेच.

पण हे बांधकाम फुकट होत नाही. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जादा लागतात, असं आयसीएमआर सांगते. पोटाला कमी पडलं म्हणून दूध लगेच आटत नाही. शरीर ते आईच्या साठ्यातून काढून देतं.

आता आमच्या बीडची ऊसतोड करणारी बाई घ्या. मुकादमाच्या वहीत ती आणि नवरा मिळून 'एक कोयता'. पहाटेपासून ती फडात, बाळ पाचटावर. बाळासाठी थांबली तर खाडा, आणि त्याचे पैसे पुन्हा उचलीवर चढतात. नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. हिला नाही.

सूरह बकरातल्या २३३व्या आयतीतली दूध पाजण्याची दोन वर्षं आपल्याकडे बयानात ठासून सांगतात. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकलाय, ते मात्र घाईत उरकतात. आणि बापच उचलीत बुडालेला असेल तर? माझ्या मते मग तो भार कारखान्याने आणि सरकारने उचलावा. पाजत्या आईचा खाडा धरू नये आणि तिच्या वाटणीची डाळ, तेल, शेंगदाणे कोपीवर पोचवावेत. गावच्या अंगणवाडीत तिचं नाव असतंच. तीच तिथे सहा महिने नसते.