शेपटीचे वजन

आमच्या पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली धूतपापेश्वर हा औषधी कारखाना सुरू केला. त्यामुळे आसकंद, म्हणजेच अश्वगंधा, हे नाव घरात कॉलेजची पायरी प्रथमच चढलेल्या मलाही परके नाही.

या मुळीने थकवा जातो काय, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत उंदरांना ती देतात आणि शेपटीला वजन बांधून पाण्यात सोडतात. औषध घेतलेला उंदीर जास्त वेळ पोहला की औषध गुणकारी ठरते. औषध आधी तपासावे, याला माझा विरोध नाही. न तपासलेले औषध बहुधा गरिबाच्याच पोटात जाते. पण येथे मोजले काय जाते? उंदीर किती वेळ तग धरतो, एवढेच!

माझी आई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरते. रात्री म्हणते, "पाय गळाले गं." तिला मुळी दिली तर कदाचित ती आणखी दोन आळ्या फिरेल. पण त्याला थकवा गेला असे कसे म्हणावे?

वाचकहो, प्रयोग संपेपर्यंत उंदराच्या शेपटीचे वजन कोणी सोडीत नाही. आईची पाटी उतरवून घ्यायला मात्र मी आहे. त्यासाठीच तर शिकते आहे.