औषध न देणारे डॉक्टर

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातले रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. ट्रॉलीमागं गाडी अडकली की आपण चिडतो. तो ऊस तोडणारी माणसं राहतात कुठं, हे बघायला मात्र सहसा कुणी थांबत नाही. बीडकडून, विजापूरकडून आलेल्या टोळ्या फडाच्या कडेला कोपी घालून राहतात आणि मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला की निघून जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. हिशेब कोयत्यांचा, माणसांचा नव्हे.

गेल्या हंगामात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता ती मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या वर्गातली सात-आठ मुलं-मुली दर रविवारी एका टोळीवर आरोग्याची माहिती सांगायला जातात. म्हणाली, “मॅडम, आमचं मराठी त्या बायकांना कळेना झालंय.” वही बघितली, तर त्यात रक्तक्षय, श्वेतप्रदर, गर्भाशय! तिची आई कन्नड बोलणारी, वडील मराठी. घरात ‘होट्टे नोव’ही चालतं आणि ‘पोट दुखतंय’ही. पण बायकांच्या दुखण्याचा विषय निघाला की त्या घरात दोन्ही भाषा गप्प होतात. तुमच्या-आमच्या घरात तरी वेगळं काय आहे?

मेडिकलच्या मुलांनी वस्तीवर जाणं तसं नवीन नाही. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 साली निघालं, तिथं प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. आता तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2021-22 च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं दत्तक दिली आहेत. पहिल्या वर्षापासून त्या घरी जायचं, रक्तदाब बघायचा, नोंदी ठेवायच्या. चांगली योजना आहे. पण दत्तक घ्यायला कुटुंबाला घर लागतं, आणि ते वर्षभर एका जागी असावं लागतं. कोपीतलं कुटुंब त्या यादीत कसं बसणार? म्हणून ही मुलं आपल्या रविवारी जातात. त्याला हजेरी नाही, गुण नाहीत.

एका रविवारी मीही गेले. मुलांनी आणलेला तक्ता वाऱ्याने दोनदा पडला, मग गुंडाळून ठेवला. ते बरंच झालं. त्यानंतर बायका जवळ सरकल्या. पंचविशी-तिशीतल्या एकीने हळूच विचारलं, “ताई, पिशवी काढली की अंगावरनं पांढरं जायचं थांबतं का?” पलीकडची विजापूरकडची बाई तेच ‘बिळि सेरगु’ म्हणून सांगत होती.

हा प्रश्न साधा नाही. महाराष्ट्र सरकारने 2019 साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कारण दुखण्याइतकंच ‘खाड्या’चंही आहे. एक दिवस चुकला की मजुरी जाते, वर उचल फिटत नाही. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीच नको, असं वाटू लागतं. त्यात मला आपल्या शब्दाचाही वाटा दिसतो. मराठीत पिशवी, कन्नडात गर्भचील, म्हणजे तीही पिशवीच. मुलं झाली, पिशवी रिकामी झाली, मग ठेवायची कशाला?

मुलीने तिथंच मातीत काडीने चित्र काढलं. पिशवी, आणि तिच्या दोन बाजूंना बीज तयार होतं त्या जागा. पांढरं जाणं हे पुष्कळदा जंतूंमुळे असतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं. बीजाच्या जागाही काढल्या तर पाळी एकदम जाते, अंगातून वाफा येतात, पुढं हाडं ठिसूळ होतात. गाठी, फार रक्तस्राव, कॅन्सर अशा कारणांसाठी ऑपरेशन लागतंही, हेही तिने लपवलं नाही. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. एवढ्यात बरोबरचा मुलगा “भरपूर विश्रांती घ्या” म्हणाला, तशा बायका हसल्या. पहाटे उठून फडावर जाणाऱ्या बाईला आणखी काय सांगायचं, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं. त्याने ते वाक्य पुन्हा काढलं नाही, हे मला आवडलं.

माहिती देऊन निघून आली असती, तर मी हे लिहिलंही नसतं. मुलांनी मुकादमाशी घासाघीस केली. खाडा न धरता दोन बायकांना अर्धा दिवस मिळाला आणि त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून आल्या. दोघींनाही गोळ्यांचा कोर्स दिला.

प्रश्न विचारणारी मात्र गेली नाही. “गावी गेल्यावर बघू,” म्हणाली. गावी ऑपरेशनची तारीख ठरल्यासारखीच होती. मग मुलीने तिला एक कागद दिला, त्यावर तिकडच्या डॉक्टरला विचारायचे तीन प्रश्न: सोनोग्राफीत काय दिसलं? गोळ्यांनी बरं होणार नाही का? बीजाच्या जागा ठेवणार की काढणार? बाईला वाचता येत नव्हतं. सहावीतली तिची लेक, हंगामापुरती शाळा सुटलेली, कोपीच्या दारात उभी राहून तिने तो कागद मोठ्याने दोनदा वाचला आणि आपल्या मराठीच्या पुस्तकात घालून ठेवला.