पाण्याचे घड्याळ

आमचा एक भाचा ग्रीस देशातील एका समुद्रकाठच्या खेड्यात महिनाभर राहून आला. तेथे दुपारी दुकाने मिटून लोक स्वस्थ झोप घेतात, संध्याकाळी घरापुढे खुर्च्या टाकून बसतात आणि घाई म्हणून कोणाला नसते, हे वर्णन त्याने इतक्या वेळा केले की आम्हांस ते तोंडपाठ झाले. आमच्या पेन्शनीत ग्रीस बसण्यासारखा नव्हता. परंतु मार्गशीर्षात घराची दुरुस्ती निघाली, आणि एका जुन्या विद्यार्थ्याने आग्रह करून आम्हां उभयतांस तीन आठवडे आपल्या घरी नेले. हे घर शीव कोळीवाड्यात आहे. तेव्हा आमचा ग्रीस अर्ध्या तासाच्या वाटेवर निघाला!

शीव म्हणजे सीमा. एके काळी इंग्रजांची मुंबई येथे संपे व पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होई. १६६९ ते १६७७ या काळात मुंबईचा कारभार पाहणाऱ्या आँजियरसाहेबांच्या वेळचा किल्ला टेकडीवर अजून उभा आहे. १९४७ नंतर फाळणीने उखडलेली निर्वासित कुटुंबे येथे येऊन वसली. पूर्वीचे कोळीवाडा स्टेशन आज गुरू तेग बहादूर नगर म्हणून ओळखले जाते. चोहोंकडून शहर चढून आले असले, तरी आतल्या गल्लीत शिरताच पावले आपोआप मंदावतात. घरे एकमेकांस खेटलेली, दारापुढे ओटा आणि ओट्यावर माणूस, असा तेथला थाट.

पहिले दोन दिवस आम्ही बेचैन होतो. पस्तीस वर्षे घंटेवर जगलेल्या माणसाला घंटा नसली की चुकल्याचुकल्यासारखे होते. तिसऱ्या दिवशी आम्हीही ओट्यावर बैठक मारली. सकाळी उन्हात पंचांग, दुपारी तांदळाची भाकरी व वरण (आमच्यासाठी चूल निराळी ठेवण्याइतकी त्या माउलीने काळजी घेतली, आमच्या कुटुंबाला त्याचा संकोच वाटला, तिला वाटला नाही), मग डुलकी, आणि दिवेलागणीपर्यंत गप्पा. भाच्याला पत्र लिहून कळवावे, की तुझ्या ग्रीसात आहे ते सर्व येथे आहे, असा विचारही मनात आला.

परंतु त्या स्वास्थ्याची दुसरी बाजूही आम्हांस लवकरच दिसली. एके दिवशी पहाटे तीनला जाग आली, तो घरातली माउली टोपली घेऊन बाहेर पडत होती. १८७५ सालापासून चालत आलेल्या ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव होतो. तेथून माल घेऊन ती बाजारात बसते आणि दुपारी परतते. ज्या दुपारच्या शांततेचे आम्ही कौतुक करीत होतो, ती तिच्या लेखी अर्धा दिवस राबून झाल्यावरची विश्रांती होती. परगावच्या पाहुण्याला जो संथपणा वाटतो, तो पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी पहाटेवर उभा असतो. ग्रीसमधील खुर्च्याही कोणी कोळीच दमून टाकीत असतील.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. आमच्या यजमानाचे वडील ऐंशीच्या घरात आहेत. तरुणपणी ते खाडीत जाळी लावीत. आता त्या घरातून कोणी होडीवर जात नाही. एका संध्याकाळी आम्ही त्यांना सहज विचारले, "बाबा, आज भरती किती वाजता?" घड्याळाकडे न पाहता त्यांनी उलट विचारले, "तिथी कंची?" आम्ही चतुर्थी म्हणताच उत्तर आले, "तीन वाजता भरून गेलं." रीत सोपी होती. कोणत्याही पक्षाची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग.

आम्ही मनाशी हिशेब केला आणि चकित झालो. पाऊण तास म्हणजे स्थूलमानाने दोन घटिका! चंद्र तिथीगणिक मागे सरतो, आणि पाणीही तितकेच मागे सरते. जन्मभर आम्ही रोज संकल्पात तिथीचा उच्चार केला, घटिका-पळांचे गणित मुलांना शिकवले. पण ती तिथी चार पावलांवरच्या खाडीत काय करते, हे आम्हांस कधी विचारावेसे वाटले नाही. ग्रीकांचेही असेच झाले होते. त्यांच्या समुद्रात भरती जेमतेम वीतभर. त्यामुळे इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाशी पाणी ओसरून गलबते कोरडी पडली, तेव्हा अलेक्झांडरचे वीर गांगरून गेले. मुंबईस उधाणाच्या दिवशी पाणी पंधरा फुटांच्या आसपास चढते-उतरते. अशा पाण्यावर पोट असलेल्या माणसाला भिंतीवरचे घड्याळ पुरत नाही.

आम्ही हे कौतुकाने बोलत होतो, तोच आमचा यजमान हसत म्हणाला, "मास्तर, म्हणूनच तर अमावास्या-पुनवेला माझ्या छड्या ठरलेल्या असायच्या!"

आमचे हसू तोंडातच राहिले. शाळा सातची. पौर्णिमेस ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराची, प्रतिपदेस पावणेसातची, द्वितीयेस साडेसातची. हा मुलगा बापाबरोबर चिखलात उतरून जाळ्यातली मासळी काढी, आणि मग धावत शाळेस येई. पहिल्या दिवशी थोडा उशीर, दुसऱ्या दिवशी अधिक, तिसऱ्या दिवशी गैरहजर. पंधरवड्याने पुन्हा तेच. हजेरीपट आमच्याच हातचा होता. त्यात चंद्राच्या कला उमटल्या होत्या, आणि आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा मारला होता, 'वेळेचे भान नाही.'

"तेव्हा बोलला का नाहीस?" आम्ही विचारले.

"तुम्ही विचारलंत कुठे, मास्तर?"

म्हातारबुवा नुसते म्हणाले, "पानी काय घड्याल बघून येतं?"

आमच्या शिस्तीने पुष्कळ मुले मार्गी लागली, हे आम्ही आजही म्हणू; घंटा नसती तर शाळा चालली नसती. खुद्द मुंबईचे घड्याळदेखील १९५५ सालापर्यंत देशाच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटे मागे चालत होते, आणि शहराने तो दुहेरीपणा निभावून नेला. एका मुलाच्या दुसऱ्या घड्याळाची चौकशी करण्यास आम्हांस मात्र अर्धे मिनिट सापडले नाही. आम्ही त्याला म्हणालो, "चुकलो रे." तो गडबडून पाया पडला, आणि आतून पाने वाढल्याची हाक आली म्हणून दोघेही सुटलो.

घरी परतल्यावर सकाळी पंचांग उघडतो तेव्हा समासात भरतीची वेळ पेन्सिलीने लिहून ठेवतो. त्याचा उपयोग काही नाही. परवा नातू जेवणास उशिरा आला, सवयीप्रमाणे हात वर गेला होता, तो खाली घेतला आणि आधी विचारले, "कुठे होतास?" त्याने सांगितलेले कारण ऐकण्यासारखे होते.