सरळ केस आणि निमुळता कट

मैत्रिणींनो, 'केस सरळ आहेत ना, मग काहीही शोभेल,' असं पार्लरमध्ये सांगतात. तसं मुळीच नसतं बरं का! कुरळ्या केसांत कात्रीची चूक लपून जाते. सरळ केसांत ती जिन्याच्या पायरीसारखी दिसते. म्हणून पाठीवर लांब आणि चेहऱ्याकडे आखूड होत येणारा कट करायचा, तर आधी आपली वेणी हातात धरून पाहा. शेवटपर्यंत भरदार असेल तर खुशाल करा, डोक्यावरचा भार हलका होईल. खाली उंदराची शेपटी होत असेल तर थर पाडूच नका, टोकं आणखी विरळ दिसतील. हलका यू कट पुरे.

फोटो दाखवून 'असाच काप' म्हणू नये. १९६० च्या 'लव्ह इन सिमला'मधली साधनाची झालर तिचं रुंद कपाळ झाकायला होती. ती मग अरुंद कपाळांवरही आली!

पहिल्या खेपेला सर्वांत आखूड बट खांद्याच्या खालीच ठेवा. वेणी, आंबाडा दोन्ही जमतात, लग्नकार्यात डोक्यावर पदर घेतला तरी बटा तोंडावर येत नाहीत. (फळ्यावर लिहिताना येणारी बट काय छळते, ते आम्हां शिकवणाऱ्यांना विचारा.) ओला केस ताणला जातो, वाळला की आखडतो; म्हणून हव्या त्या लांबीपेक्षा दोन बोटं जास्तच राखा. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो.

आता पाण्याचं. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा गावात कमरेएवढे केस धुणं म्हणजे बादलीचा हिशेब. तिथे थोडे कमी केले तर ती नटवेगिरी कशी? नांदेडात गोदावरी असली तरी बोअरच्या जड पाण्यावर न्हाणारी घरं आहेतच. त्या पाण्यानं सरळ केस राठ होतात आणि कापलेली टोकं तुटल्यासारखी दिसतात. शेवटचा तांब्या तरी गोड्या पाण्याचा घ्या.

राहिला घरचा प्रश्न. सासूबाईंना, ह्यांना आधी जरूर सांगा. पण सांगा, परवानगी मागू नका. आणि पार्लरवालीलाही खुर्चीत बसण्याआधीच बजावा: कात्रीच हवी, वस्तरा नको. वस्तऱ्यानं टोकं लवकर फाटतात.